आजोबांचा गुण्या आणि काटकोनातलं दार

दोन रेघांची मिळून एकच रेघ दिसायला हवी होती. दिसल्या दोन.

सुनिवाच्या छातीत धस्स झालं. (तिच्या छातीत धस्स व्हायला फारसं काही लागत नसे. टोस्टरमधून पाव उडाला तरी पुरे.) तिने चष्मा पुसला, फळीची कड सरळ असल्याची पुन्हा खात्री केली. नवऱ्याच्या आजोबांचा गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोनाचं माप, कडेला टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारली, मग गुण्या उलटा करून तिथूनच दुसरी मारली. खालून गळ्यात गळा घालून निघालेल्या रेघा वर पोचेपर्यंत एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या.

म्हणजे गुण्याच तिरका! ज्या गुण्याला घरात कोणी धुतल्या हातांशिवाय उचलत नसे, तो!

खरं तर ही सगळी भानगड सकाळच्या एका वाक्याने झाली होती. दुसऱ्या दिवशी सासऱ्याचा, गुडमुंडचा, सत्तरावा वाढदिवस. डोंगरांमधल्या खाडीच्या, फ्योर्डच्या, काठी असलेल्या त्यांच्या लाकडी बंगलीवर चौदा पाहुणे यायचे होते आणि चौदा जणांत मिळून संडास एक. तोही बाहेर, झाडीत. त्याचं दार कुजलेलं. "दार मी करते," असं सुनिवा उत्साहाने म्हणाली. नुसती म्हणाली नाही, तर जुनं दार फोडून शेगडीत घालूनही आली. आता परतीचा रस्ता नव्हता.

"तू?" गुडमुंडने कॉफीच्या कपावरून पाहिलं. "कॉलेजात सुतारकाम शिकवायला लागले वाटतं?"

"गणित शिकवतात. काटकोन सगळीकडे नव्वदाचाच असतो."

"असं म्हणतात खरं." त्याने बूट चढवले. त्याला होडीने पलीकडे केक आणायला जायचं होतं. "आमच्या म्हाताऱ्याचा गुण्या घे. आणि त्याच्यापुढे फार डोकं चालवू नकोस."

हे शेवटचं वाक्य सुनिवाला लागलं. आता तर डोकं चालवणं भागच होतं.

बंगलीमागच्या अवजारांच्या खोपटात गुण्ये तीन. एक तिच्या नवऱ्याचा, योस्टाइनचा, सेलमधला. त्याचा स्क्रू कितीही पिळा, पट्टीवरचं डोकं सासुरवाशिणीसारखं हो-हो करत हलतच राही. दुसरा सुनिवाचा स्वतःचा. तो निवडताना तिने दुकानातल्या फळीवर सात गुण्यांच्या रेघा मारून पाहिल्या होत्या. आठवा मागितला तेव्हा दुकानदाराने पेन्सिल खिशात घातली. पण मिळाला तो अचूक. आणि तिसरा आजोबांचा : काळवंडलेली पोलादी पट्टी, बिडाचं डोकं, पितळी स्क्रू आणि नव्वदाशी कायमचं वाकडं.

आपल्या गुण्याने गुपचूप दार करून मोकळं व्हावं, एवढा साधा विचार तिला सुचला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला सुचलं भलतंच. आजोबांचा गुण्या दुरुस्त करून सासऱ्याला वाढदिवसाची भेट द्यायची!

"अगं, राहू दे," योस्टाइन म्हणाला. "साठ वर्षं चाललाय तो."

"साठ वर्षं चुकलाय!"

"मग सवय झाली असेल त्याला." कानांवर आवाज बंद करणारे गोळे चढवून तो यांत्रिक करवत घेऊन लाकडं कापायला टेकडीवर निघून गेला.

गुण्याच्या डोक्याच्या खाचेत पट्टी ज्या दोन बारीक उंचवट्यांवर टेकते, त्यांतला एक घासायचा, हे सुनिवाला ठाऊक होतं. कानशीचे दोन हात. भुकटी पुसायची, पट्टी बसवायची, रेघा मारायच्या. पुन्हा दोन हात. अकराव्या वेळी फळीवर एकच रेघ उमटली, आणि सुनिवाने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. गुण्या तिने एप्रनच्या खिशात जपून ठेवला आणि त्यानेच दार आखलं. चारही कोपरे कसे, पाठ्यपुस्तकातून उचलून आणल्यासारखे. वर मधोमध तिकडच्या संडासांच्या रिवाजाप्रमाणे बदामाच्या आकाराचं भोकही पाडलं.

बिजागऱ्या ठोकल्यावर मात्र वरचा कोपरा चौकटीला अडला, आणि खालून मांजर जाईल एवढी फट उरली. तिने रंधा मारला. पुन्हा मारला. आता लागेल, म्हणून आतली कडी बघायला आत शिरली. मूठ दोन्ही हातांनी धरली, पाय चौकटीला लावला आणि ओढली.

धप्प!

असं बसलं दार, की कडीची गरजच उरली नाही. सुनिवा समाधानाने हसली. मग तिने दार ढकललं. खांद्याने ढकललं. पाठीने ढकललं. एक माशी बदामातून आरामात बाहेर गेली.

करवत, हातोडी, मोबाईल, सगळं बाहेर बाकावर. खिशात फक्त गुण्या. जीव रमवायला तिने तो भिंतीच्या कोपऱ्याला लावला. तिरका. बैठकीला लावला. तितकाच तिरका. चौकट, फळी, कागदाची खुंटी, सगळं एकाच बाजूला, एकाच मापाने कललेलं. आणि ते माप तिने सकाळी फळीवर पाहिलं होतं. अख्खी बंगली, या संडासासकट, आजोबांनी त्याच गुण्याने बांधली होती. सगळं एकमताने चुकलेलं असल्यामुळे साठ वर्षं कुठे काही अडलं नव्हतं. अडलं ते आज.

"वाचवा!" तिने बदामातून हात बाहेर काढला.

खालून होडीतलं एक जोडपं गेलं. त्यांनीही हात हलवला. पायवाटेवरून चार गिर्यारोहक आले. डोंगरावर अनोळखी माणसालाही थांबून राम राम करणारी ही मंडळी. पण संडासातल्या माणसाशी बोलणं म्हणजे असभ्यपणाचा कळस. चौघांनी माना खाली घातल्या आणि पावलं उचलली.

"अहो, मी अडकलेय!"

"होतं असं प्रवासात," त्यांतली एक बाई हलकेच सोबतिणीला म्हणाली, आणि ते दिसेनासे झाले. टेकडीवर योस्टाइनची करवत घुर्रघुर्र करत राहिली.

तासाभराने वाटेवरचे खडे वाजले.

"कोण आहे? कुणीतरी या हो!" सुनिवाचा घसा बसला होता, पण हात बदामातून जोरजोरात हलत होता.

"आलो, आलो!" गुडमुंडचाच आवाज. केकचा डबा बाकावर टेकला. "हलू नकोस, बाळ. वरचा कोपरा धरलाय फक्त. तिरक्याची रेघ मारून कापतो, मिनिटाचं काम. म्हाताऱ्याचा गुण्या दे बघू इकडे. या चौकटीला दुसरा कुठला लागू पडत नाही."

बदामातून बाहेर आलेला हात थांबला, आणि हळूच आत गेला.