बोट नको!

भर दुपारी अंगणात उभे राहून जस्ताच्या पत्र्यासमोर आरती म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

डहाणूला आमच्या शेजारी सदूकाका राहतात. छापखान्यांसाठी चित्रांचे ब्लॉक, म्हणजे जस्ताचे ठसे, करतात. अंड्यातला पांढरा बलक आणि कसलेसे नारिंगी रसायन पत्र्यावर फासायचे, वर काचेची निगेटिव्ह दाबायची आणि पत्रा उन्हाला धरायचा. किती वेळ? आरती संपेपर्यंत. घड्याळावर काकांचा विश्वास नाही. "घड्याळाला ढग दिसतो का?" ढग आला की आरतीची चाल संथ होते. पलीकडच्या शेठाणीबाई भक्तिभावाने हात जोडतात आणि अंड्याचा वास आला की त्याच हातांनी नाक धरतात.

मग पत्र्याला शाई लावून तो पाण्यात धुवायचा. ऊन न लागलेल्या जागची शाई सुटते, चित्र उरते. पुढे तेजाब शाई नसलेला पत्रा खाते, आणि तेवढी जागा छपाईत पांढरी राहते. या ओल्या चित्राला कोणी शिवलेले काकांना खपत नाही. "बोट नको!" सवय इतकी, की बारशाला गेले तरी पाळण्यापाशी ओरडतात, "बोट नको!"

तलासरीकडच्या गवत कापणाऱ्या मजुरांसाठी मी एक पत्रक लिहिले होते. गंजी रचताना पडून मेलेल्या रूपजीचा चेहरा मला त्यावर हवा होता. त्याचा फोटो जन्मात एकच. मालकाच्या लग्नाची वरात, आणि कडेला गॅसबत्ती धरलेला रूपजी, नखाएवढा. काकांनी कॅमेऱ्याने तेवढाच चेहरा मोठा करून घेतला. तो पाहायला रूपजीची बायको जिवली पाड्यावरून चालत आली होती.

आरती झाली. काकांनी पत्रा पाण्यात हलवला. आधी मिशी आली, मग डोळे.

"पार भिजलाय," जिवली म्हणाली, आणि बोटाने तिने त्याचा गाल पुसला.

मी काकांच्या गर्जनेची वाट पाहिली. काकांनी पत्रा अलगद पाण्याबाहेर काढला.

"काका, शाई गेली! ऊन आहे, दुसरा पत्रा करा."

"राहू दे."

"पण डाग छापला जाईल!"

"तिचा हात आहे तो. राहू दे म्हटलं ना!" आणि त्यांनी तोच पत्रा तेजाबात सोडला.

पत्रके वाटली गेली. रूपजीच्या गालावर बोटाएवढी पांढरी जागा आहे.

वाचकहो, तुमच्या घरी लग्न निघेल, फोटोवाला येईल. तेव्हा बत्ती धरणाऱ्याच्या हातची बत्ती घटकाभर तुम्ही धरा, त्याला मध्ये उभा करा. आणि फोटोची एक प्रत तो जिवंत असतानाच त्याच्या घरी पोचवा.