निरोपाला गेलेला वर्ग

"तुला काय काय येतं?" नाकिर्या मॅडमनी विचारलं.

"एंटर दाबता येतं," ओडेके म्हणाला.

"आणि?"

"दाबलं की मी बाजूला होतो."

हेडसर ओक्वालिंगांनी घाम पुसला. कॉम्प्युटर मोजकेच, मुलं खंडीभर. म्हणून कॉम्प्युटर देणाऱ्या संस्थेनं शिकवायला पाठवलेल्या एबिरू सरांनी कामं वाटून दिली होती. एकानं चालू करायचं, दुसऱ्यानं मथळा लिहायचा, तिसऱ्यानं आकडे भरायचे. ओडेकेकडे एंटर. सगळी मिळून झकास चालायची, त्यामुळे यातली खोट आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

त्याच संस्थेच्या नाकिर्या मॅडम राजधानी कंपालाहून उद्या यायच्या, त्या आजच आल्या. मुलांना कॉम्प्युटर चालवता आले तर ते इथे राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार.

"बाकीचा वर्ग कुठंय?"

"एबिरू सरांना पोचवायला गेलाय. त्यांची शिकवणी आज संपली ना. याच्या पायात काटा मोडलाय, म्हणून हा राहिला."

"मग बोलवून घ्या!"

हेडसरांनी आमोंगिन बाईंना पिटाळलं. बाईंनी हातपंपापाशी वर्गाला गाठलं. पण निघालेल्या पाहुण्याला अर्ध्या वाटेत सोडायचं कसं?

"काही काम होतं का, बाई?" एबिरूंनी विचारलं.

"छे, छे. द्या ती छत्री इकडे," असं म्हणून बाईही चालू लागल्या. बाईंना शोधायला गेलेल्या आचाऱ्यानं सरांची दुसरी पिशवी उचलली.

इकडे मॅडमपुढे उकडलेल्या शेंगांची तिसरी ताटली आली. त्यांनी ती बाजूला सारली आणि हेडसरांना आणि ओडेकेला गाडीत घातलं.

सगळा लवाजमा डांबरी रस्त्यावर सोरोटी गावाला जाणाऱ्या टॅक्सीची वाट पाहत होता. हेडसर उतरले, त्यांनी एबिरूंचा हात हातात घेतला आणि घरच्यांची खुशाली विचारायला सुरुवात केली.

"हेडसर!" मॅडम ओरडल्या.

वर्गातल्या आकितेंगच्या डोक्यावरच्या बॅगेत एबिरूंचा लॅपटॉप होता. तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"गेल्या आठवड्यात पडलेल्या पावसाचा आलेख काढा. सरांनी बोलायचं नाही."

मुलं एकामागून एक पुढे आली. आपापलं बटण दाबून मागे सरकली. शेवटी ओडेके लंगडत आला. आलेख उभा राहिला. तेवढ्यात येऊन थांबलेल्या टॅक्सीतल्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या आणि टॅक्सी एबिरूंना न घेताच निघून गेली.

"म्हणजे एकट्याला कुणालाच सगळं येत नाही?" मॅडमनी विचारलं.



"नाही येत, मॅडम," आकितेंग हळूच म्हणाली. "पण कॉम्प्युटर गेले तर एवढंही राहणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग एबिरूंकडे. "कॉम्प्युटर राहू देत. आणि एबिरू, तुम्हीही आणखी एक महिना राहा. प्रत्येकाला सगळं आलं पाहिजे."

एकच कल्ला झाला. हेडसरांना धड आभारही मानता येईनात. मॅडम घाईनं गाडीत बसल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तसा अख्खा वर्ग तिच्यासोबत चालू लागला.

"अरे, मी गाडीत आहे! परत जा आता!"

"त्या वळणापर्यंतच, मॅडम!"

"मला उशीर होतोय, बाळांनो!"

"हो, मॅडम," असं म्हणून मुलं चालतच राहिली.

वळणापाशी मॅडम खाली उतरून मुलांसोबत चालू लागल्या. पुढच्या वळणापर्यंत गाडी त्यांच्यामागून रिकामीच येत होती.