सुदामचे पंच

चहा सांडला तरी सुदाम आधी दोन पंच बोलवायचा. पंच येईपर्यंत फरशीला फडकं लावू द्यायचा नाही. "घटनास्थळ हाय हे," म्हणायचा. चहावर माश्या बसायच्या आणि हा वहीत वेळ लिहायचा.

आम्ही दोघं कॉलेजसाठी शहरात आलेलो, हर्सूलला एका खोलीत राहायचो. तो गंगापूरचा, मी सोयगावचा. मुख्य विषय दोघांचाही राज्यशास्त्र. जोडीला मायनर म्हणून गुन्हे आणि न्यायव्यवस्था घ्यायची, हे मी बारावीतच ठरवलं होतं. सुदामनं काहीच ठरवलं नव्हतं. प्रवेशाच्या रांगेत त्यानं माझाच पेन मागितला, माझ्याआधी फॉर्म भरला आणि त्या विषयाची शेवटची जागा पटकावली. मला मिळाली फळप्रक्रिया. तो जबाब नोंदवायला शिकला, मी पेरूची जेली करायला. आता मी जळू नको तर काय करू?

बरं, लोकही त्याच्यावर खूश. घरमालकीण काकू त्याला 'आमचे फौजदार' म्हणायच्या. माझी सख्खी आई फोनवर आधी त्याची चौकशी करायची. जेलीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. आमच्या नव्या वसाहतीत इमारती भराभर उठत होत्या, पाइपलाइन मात्र आलेली नव्हती. टँकर आठवड्यातून एकदा. एका सकाळी मी काकूंच्या ड्रममधून गुपचूप दोन बादल्या उपसल्या आणि डोक्यावरून अंघोळ केली. अंघोळ आपली निमित्ताला. फौजदारांना चोर सापडू नये आणि चारचौघांत त्यांचं हसं व्हावं, एवढाच माझा हेतू.

काकूंनी घर डोक्यावर घेतलं. सुदाम वही घेऊन हजर. पंच उभे केले, एकेका भाडेकरूचा जबाब घेतला. माझ्यापाशी आला, घुटमळला आणि त्यानं वही मिटली.

"काकू, पाणी माझ्याच हातून सांडलं. लई चुकलं."

काकू त्याला नाही नाही ते बोलल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुपारी तो लांबच्या बोअरवरून सायकलला कॅन बांधून काकूंसाठी पाणी घेऊन आला. मी त्याला जिन्याखाली गाठलं.

"खोटं का बोललास?"

"आठ दिवस झाले, अख्ख्या बिल्डिंगीत कुणी साबण लावला नाय. अन् तुझ्या डोक्याला शाम्पूचा वास येतोय."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

तो कॅनची दोरी सोडत राहिला. "घेतलं असतं तर काकूनं तुला आजच खोलीबाहेर काढलं असतं. या शहरात दोन शब्द बोलायला तू एकटाच हायेस मला. मग मी कुणाशी बोलू?"

इतकं साधं, चांगलं माणूस असण्याचाही मला त्याचा हेवा वाटला. मी त्याच्या हातातून कॅन घेतला, वर गेलो आणि काकूंचं दार वाजवलं.