इंगाबाईचे नऊ गोळे

परदेशात फजिती होते ती बिनअभ्यासाच्या माणसाची! आपलं तसं काम नाही. पिंपळगाव राजाहून जर्मनीले निघायच्या आधी या महादेवरावानं दीड महिना तिथल्या रीतीभातींचा अभ्यास केला. शंभर पानी वही भरली! वांग्याच्या वाफ्यात पाणी सुटलेलं, अन् मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मोबाइलवर जर्मन माणूस कसा जेवते ते पाहून राह्यलो!

कारणही तसंच होतं. आमची काजल तिकडं शिकते. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली अन् पाय मोडून बसली. दोन महिने प्लास्टर! आम्ही इथं फोनले कान लावून रडत होतो, अन् तिथं तिची घरमालकीण, सत्तरीची इंगाबाई, पोरीचं सारं करत होती. ना नात्याची, ना गोत्याची. त्या बाईसमोर बसून, काही न चुकता, तिचे आभार मानायचे होते. तेवढ्यासाठी तं चाललो होतो!

वहीतले दोन नियम काजलनं फोनवर सांगितलेले, ते लाल पेनानं लिहिले होते. एक, ताटात काही टाकायचं नाही, वाढणाऱ्याचा अपमान होते. दोन, जर्मन माणूस एकदाच विचारते. नको म्हटलं की विषय खतम. आपल्यासारखं तीनदा नको-नको करून चौथ्यांदा "बरं, तुम्ही म्हणताच तं वाढा" असं तिथं चालत नाही.

लगेच सराव सुरू केला. शेजारच्या मोतीरामकडे गेलो. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, विचारलं, "भाऊजी, चहा मांडू का?"

"हाव, मांडा!"

गोजरबाई जागीच थिजली. घरात दुधाचा थेंब नव्हता! मी नेहमीसारखा नको म्हणीन, या भरवशावर बिचारीनं विचारलं होतं.

मोतीरामनं माझ्या कपाळाले हात लावून पाह्यला. "काऊन बे महादेवा, तब्येत बरी आहे ना?"

आमच्या बायकोले, आशाबाईले, हे समजलं तशी ती कडाडली, "तिकडं जाऊन पोरीचं नाक कापसान तुमी!"

पण मी जर्मनीले गेलोच. रविवारी दुपारी एकचं जेवण होतं. मी एकले पाच कमी असतानाच इंगाबाईच्या दारात उभा राह्यलो अन् बरोबर एकच्या ठोक्याले घंटी दाबली. तेवढ्यात काजलचा फोन! "बाबा, माझी ट्राम बंद पडली. इंगा थांबणार नाही, तुम्ही बसा जेवाले. अन् घोळ करू नका!"

घोळ? अन् मी?

इंगाबाईनं ताटात बटाट्याचे दोन गोळे वाढले. एकेक गोळा क्रिकेटच्या चेंडूएवढा! मी ताट चाटूनपुसून साफ केलं. तिनं तिसरा उचलून नजरेनंच विचारलं.

"नाइन," मी ठणकावून सांगितलं. नको म्हणायचा जर्मन शब्द पाठच केला होता.

इंगाबाई गोड हसली अन् गोळा वाढून मोकळी झाली!

अरे? वहीत तं असं नव्हतं! पण ताटात टाकता येत नव्हतं. खाल्ला. चौथा आला. "नाइन!" पुन्हा तेच हसू, पुन्हा गोळा. पाचव्याले पट्टा सैल केला. सहाव्याले देवाचं नाव घेतलं. सातव्याले मात्र आपला माणूस करते तेच केलं. दोन्ही हातांनी ताट झाकलं अन् वरून आडवा झालो!

इंगाबाई थबकली. तिनं चष्मा लावला, एप्रनच्या खिशातून छोटी वही काढली, पान पाह्यलं, मान डोलावली, अन् गोळा माझ्या हातावरच ठेवला!

काजल आली तेव्हा माझा नववा चालू होता अन् घामानं सदरा भिजला होता.

"बाबा, काय करून राह्यले हे?"

"मी काय करून राह्यलो? या बाईले विचार! एकदा नको म्हणजे नको, असं तूच सांगितलं होतं ना?"

काजलनं इंगाबाईले विचारलं. उत्तर ऐकून काजल आधी खो खो हसली, मग तिनं इंगाबाईची ती छोटी वही हाती घेतली.

"बाबा, पाय मोडला तेव्हा इंगानं विचारलं, आणखी सूप देऊ का. मी सवयीनं नको म्हटलं. तिनं वाटी उचलली. दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी मी भुकेनं रडाले लागली. तवा तिनं खोदून खोदून सारं विचारलं, अन् हे लिहून घेतलं."

काजलनं वहीतलं मराठीत वाचून दाखवलं. "या लोकांचं पहिलं नको खरं नसतं. दुसरंही नसतं. हातानं ताट झाकलं तरी थांबायचं नाही."

दोन महिने त्या बाईनं माझ्या पोरीले असं जेवू घातलं होतं! मी दीड महिना जर्मन रीती शिकलो, पण तिनं आमची रीत माझ्याआधी शिकून घेतली होती. मले रडूच कोसळलं. पाया पडाले उठलो, पण पोटात नऊ गोळे! अर्ध्यातच अडकलो. दोघींनी दोन बाजूंनी धरलं.

"बाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत," मी तसाच वाकलेला बोललो.

इंगाबाईनंही डोळे पुसले अन् काही बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आणखी चार आहेत."

गावात परतलो अन् साऱ्यांले ही कथा रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी जेवाले बसलो. लसणाची चटणी, गरम भाकर, पोटात भूक! आशाबाईनं विचारलं, "आणखी वाढू का?"

"नको," मी सवयीनं म्हटलं.

तिनं भाकरीचं टोपलं उचललं अन् चालू लागली.

"अवं, थांब! नको म्हणजे..."

"तुमचीच वही वाचली म्या. एकदा नको म्हणजे नको!"

इंगाबाई, तुमची लय याद आली हो!