प्रेमकक्षाची कडी

माणसावर प्रेम करायचे तर आधी त्याला बसवायचे कुठे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला समिती लागते. समिती नसलेल्या चर्चमध्ये लोक नुसतेच प्रेम करत सुटतात. आमच्याकडे तसा गोंधळ नाही.

आमच्या मंडळीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्या बाकावर बसत असे. तिला शब्द एकच येतो, पण खणखणीत: "झालं!" आई भरवून झाले की म्हणते, वेणी घालून झाली की म्हणते, तिथून तिने तो उचलला. पाळकसाहेब प्रवचनात श्वास घ्यायला थांबले की ती म्हणे, "झालं!" लगेच निम्मी मंडळी उठे, पिशव्या उचलल्या जात, ऑर्गन वाजवणारा शेवटचे गीत सुरू करी. मग सगळ्यांना खाली बसवून पाळकसाहेबांना मूळ मुद्दा पुन्हा शोधावा लागे (तो दर वेळी सापडेच असे नाही).

सबब 'विशेष बालक स्वागत व सामावून घेणे समिती' नेमण्यात आली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य एक वकील, खजिनदार आणि मी. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून अशा मुलांचे आईबाप समितीत घेतले नाहीत. आम्ही पाहणी केली. दहापैकी नऊ सभासदांचे विशेष मुलांवर अतोनात प्रेम आढळले. (दहाव्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता.) हे प्रेम थोड्या अंतरावरून आणखी वाढेल, असेही सर्वांनी आपणहून सांगितले.

मागच्या बाजूला मोडक्या खुर्च्यांची खोली होती. ती रिकामी करून पुढच्या भिंतीऐवजी जाड काच बसवली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला रबर, भिंतींना फोम, खाली गालिचा. प्रवचन आत ऐकू यावे म्हणून स्पीकर (तो अजून सुरू व्हायचा आहे). एका दानशूराने खेळण्यातला ढोल दिला. त्याचे कातडे काढून ठेवले. मुलांच्या सुरक्षेसाठी कडी बाहेरून. दारावर पाटी: प्रेमकक्ष.

"ती पाळकसाहेबांचे हात बघते, सर," आई म्हणाली. "म्हणून पुढं बसतो आम्ही. मागून तिला काय दिसणार? आणि ती फक्त 'झालं' तर म्हणते."

"तेच तर ना, ताई," अध्यक्ष मायेने म्हणाले. "अजून झालेलं नसतं."

"मग आम्ही येतच नाही."

"छे, छे! असं कसं? खोली कुणासाठी बांधली?"

नियम वकिलांनी लिहिला. 'विशेष मुलांनी' असे लिहिणे भेदभाव ठरेल, म्हणून त्यांनी लिहिले: 'उपासनेत आवाज करणाऱ्या व्यक्तीस प्रेमकक्षात बसवावे.' अंमलबजावणी दारावरच्या काकांकडे आली. काका पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. त्यांनी स्वतःच्या सासऱ्यालाही कधी फुकट नेले नाही.

पहिल्या रविवारी मायलेकी आत बसल्या. मुलगी दोन्ही तळवे काचेला टेकवून उभी होती. तोंड हलत होते, आवाज अजिबात नाही. अध्यक्षांनी मागे वळून तिला हात हलवून दाखवला. एवढे स्वागत या चर्चमध्ये आजवर कुणाचे झालेले नाही.

दुसऱ्या रविवारी त्या दोघी आत जायच्या आधीच वकिलांचा फोन वाजला.

"काका, आवाज झाला," आई म्हणाली.

"झाला खरा. चला साहेब, आत."

"अहो, नियम मी लिहिलाय!"

"म्हणजे समजावत बसायला नको. चला."

पाठोपाठ खजिनदार खोकले. एका आजीबाईंनी गोळीचा कागद सोलला. अध्यक्ष घोरले, त्यांना न उठवता, खुर्चीसकट नेण्यात आले. गायकवृंद करतो तो आवाज की सेवा, असा प्रश्न निघाला. वकील त्यावर काचेआडून बराच वेळ बोलले, पण काही ऐकू न आल्याने गायकवृंदही आत गेला. मी शेजाऱ्याला फक्त "बघा, बघा" म्हणालो होतो. शेजारी हसला. आम्ही दोघेही गेलो. आमच्यामागून, कुणी कुजबुजले म्हणून, कुणी शिंकले म्हणून, उरलेली मंडळीही आली. शेवटी काकांना आपलेच बूट करकरताना ऐकू आले. त्यांनी स्वतःला दंडाला धरून आत आणले आणि बाहेर उभ्या आईला खूण केली. नियमच तो. तिने कडी लावली.

आत उभे राहायलाही जागा नव्हती. सबब मायलेकी दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

पुढचे मी काचेतून पाहिले. पाळकसाहेब रिकाम्या बाकांकडे बघून जरा चाचरले. मग तिच्याकडे बघून बोलू लागले. त्यांचे हात नेहमीपेक्षा मोठे फिरत होते आणि मुलगी मान वर करून ते बघत होती. एका जागी ते थांबले. तिचे तोंड उघडले. तो शब्द ओळखायला कान लागत नाहीत. पाळकसाहेबांनी हातातल्या उरलेल्या पानांकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि पाने मिटून खिशात घातली.

आम्ही काच वाजवू लागलो. आवाज बाहेर गेला नाही. काम पक्के झाले आहे. मुलगी काचेजवळ आली. आमच्या तळव्यांसमोर तिने आपले तळवे टेकवले. मग एक पाऊल मागे सरकून तिने हात हलवून दाखवला, अगदी अध्यक्षांसारखा. बऱ्याच वेळाने कडी काढली तीही तिनेच.

"झालं!"

अहवालात समितीने योजना पूर्ण यशस्वी झाल्याची नोंद केली आहे: विशेष बालक संपूर्ण उपासनाभर दुसऱ्या बाकावर बसले आणि कुणाचीही तक्रार आली नाही. तो बाक आता तिचाच. कक्ष मात्र लहान पडतो, म्हणून वाढवायला घेतला आहे.

आपणही यावे. 'आमच्याकडे असलं काही नाही हं,' असे आपण वाचता वाचता पुटपुटलात. काका म्हणतात, आवाज झाला. या आत, आम्ही सरकून घेतो. कडी मुलगी लावील, आणि लावून झाली की आपल्याला हातही हलवून दाखवील.