डाव्या चाकाचा आवाज

वळणावर अद्वयच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं पुढचं चाक कटकन वाजलं, तेव्हा शेजारी बसलेले त्याचे वडील पंढरीनाथ म्हणाले, "डावा बॉल जॉइंट गेलाय. एक दिवस चाक आडवं होईल."

बायको गेल्यावर ते मुलाकडे जपानात, ग्योतोकुला आले, त्याला दोन महिने झाले होते. एवढं ते पहिल्यांदाच बोलले. जेवताना सून विभा हळू आवाजात काही विचारायची आणि ते ताटात बघत राहायचे. दुःख मोठं होतं, म्हणून कुणी आग्रह करत नसे. गॅरेजवाल्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, तेव्हा बाबांनाच हे काम द्यावं, हाताला चाळा लागला तर ते सावरतील, असं दोघांनी ठरवलं. पंढरीनाथांची एकतीस वर्षं कराडच्या एसटी आगारात गेली होती.

इमारतीच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी होती, तरी रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढली. आधी पहार लावून जॉइंट ढिला आहे का ते बघू, असं अद्वयने सुचवलं.

"एकतीस वर्षं कानानं गाड्या तपासल्यात मी," पंढरीनाथ म्हणाले.

नट निघाला, पण चाक धरून ठेवणारा तो जॉइंट जागचा हलेना. हातोडा सुरू झाला. थोड्याच वेळात इमारतीचे व्यवस्थापक हिरानो-सान खाली आले. पंढरीनाथांच्या उजवीकडे उभे राहून, कमरेत वाकून त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावर आजारी माणूस आहे. हातोडा चालूच राहिला. ते आणखी वाकले. हातोडा आणखी जोरात पडला. वडिलांच्या या उद्धटपणाने अद्वयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने त्यांचा हात धरायला आणि जॉइंट खाली पडायला एकच गाठ पडली.

"हे कधी आले?" पंढरीनाथांनी दचकून विचारलं.

मग त्यांनी जॉइंट उचलला आणि अंगठ्याने दांडा हलवून पाहिला. तो हलेना. नव्यासारखा घट्ट होता. अद्वयने जॅक पलीकडे लावून उजव्या चाकाखाली पहार घातली. ते चाक खिळखिळं वाजलं.

पंढरीनाथ तिथेच फरशीवर बसले. "उजवा कान तीन वर्षांपूर्वीच गेला," ते म्हणाले. "मला सगळं डावीकडूनच ऐकू येतं."

"बाबा, सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईला माहीत होतं. ती डावीकडे बसायची."

काढलेल्या जॉइंटचं रबर हातोड्याने फाटलं होतं, म्हणून आणलेला एकुलता नवा जॉइंट धडधाकट बाजूलाच बसवावा लागला. मोडकी बाजू गॅरेजच्या तारखेची वाट बघत राहिली. संध्याकाळी बापलेक मिठाईचे डबे घेऊन इमारतीतल्या चोवीस दारांपुढे माफी मागत वाकून आले.

रात्री विभाने आपली खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला सरकवली आणि आमटी कशी झालीय ते विचारलं.

"अळणी," पंढरीनाथ म्हणाले. "रोजच असते. पण तुम्ही दोघं माझ्याशी बोलतच नव्हता, मग सांगणार कुणाला?"