बादशहाचं अपेंडिक्स

जावयाचा फोन आला तेव्हा हणमंतराव गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते, एक हात कानाशी आणि दुसरा पोटाशी. लातूरजवळच्या मुरुडात त्यांच्या घराला रेंज मिळायची ती फक्त त्या टाकीपाशी, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर.

"मामा, ऐकू येऊन राहिलं का?" सोमेश नांदेडहून ओरडत होता. "आपला बादशहा... अपेंडिक्स वनमधी... सायटिस..."

"काय? अपेंडिसायटिस?"

"हाव हाव, सायटिस! लवकर काय ते करावं लागंल. उशीर केला तर पक्षी हातचा जाईल!"

एवढं बोलून रेंज गेली, ती गेलीच.

बादशहा म्हणजे सोमेशनंच दिलेला आफ्रिकेचा पोपट. अंगानं राखाडी, शेपटी लालभडक. खरं तर जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं; पण एकुलती लेक वर्षाराणी लग्न होऊन नांदेडला गेली आणि हणमंतरावांच्या बायकोला, साखराबाईंना, घर खायला उठलं. त्या दिवसभर उंबऱ्यात बसून राहायच्या. मग सोमेशनं हैदराबादच्या एका दुकानातून बादशहा आणला आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. तो कुकरच्या शिट्ट्या वाजवायचा, दूधवाल्याला हाका मारायचा, साखराबाईंच्या आवाजात साखराबाईंनाच "जेवलीस का?" विचारायचा. त्याच्यावाचून त्यांना घास गोड लागत नसे.

हणमंतरावांनी खाली येऊन बातमी सांगितली आणि साखराबाईंच्या हातातली परात खाली पडली.

"म्हणूनच कण्हत व्हता लेकरू! मी तुमाला म्हणलं न्हवतं का?"

म्हटलं होतं हे खरं. गेले काही दिवस बादशहा मधूनच डोळे मिटून "आई गं... आई गं..." करायचा. तेव्हा हणमंतरावांनी "हवा बदलली असंल" म्हणून विषय मिटवला होता. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. पोपटाच्या आजारपणानं उतरायला हवा, त्यापेक्षा बराच जास्त उतरला.

जनावरांच्या दवाखान्यात गेले, तर तिथले डॉक्टर देवणीला बैलांच्या प्रदर्शनाला गेलेले. मागं राहिलेल्या शिपायानं पिंजऱ्याकडं आणि मग साखराबाईंकडं पाहिलं.

"अपेंडिक्स? बाई, इथं फक्त बैलाचे खूर आन म्हशीची कास बगत्यात. अपेंडिक्स काढायचं आसंल तर लातूरला जावं."

त्यानं हे चेष्टेत सांगितलं होतं. साखराबाईंनी सल्ला म्हणून घेतलं.

शेजारचे खाजामियाँ आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन धावत आले. कांद्याची पोती उतरवून मोकळ्या झालेल्या त्या गाडीत पुढं खाजामियाँ आणि साखराबाई बसल्या. मागं हौद्यात, मांडीवर पिंजरा घेऊन, हणमंतराव. पिंजऱ्यावर लग्नातली शाल टाकलेली. ऑपरेशनच्या पेशंटला उपाशी ठेवतात म्हणून बादशहाची मिरचीही बंद. रस्त्यात खड्डा आला की मागून "आई गं!" ऐकू यायचं.

"कोन कण्हलं?" खाजामियाँ खिडकीतून विचारायचे.

"पोपट!" हणमंतराव दात आवळून सांगायचे.

"लई तकलीफ हाय बिचाऱ्याला," खाजामियाँ हळहळले. "आन भाभी, जावई वनमधी म्हनले ना? मंजे जंगलातूनच आला आसंल आजार."

लातूरच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बादशहा."

"काय त्रास?"

"अपेंडिक्स हाय वो. फुटायला आलंय," साखराबाई म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकताच मुलीनं त्यांना रांगेतून काढून थेट आत पाठवलं.

डॉक्टर आरती हात धुऊन तयारीत उभ्या होत्या. "झोपवा इथं."

साखराबाईंनी पिंजरा टेबलावर ठेवून शाल काढली. डॉक्टर काही वेळ पोपटाकडं पाहत राहिल्या, पोपट डॉक्टरांकडं.

"आजी, पोपटाला अपेंडिक्स नसतं."

"आसं कसं? जावयानं सोता सांगितलंय! आन ह्यो कण्हतोय बगा किती." साखराबाईंनी हात जोडले. "काय बी करा, पन त्याला वाचवा. माझं घर रिकामं हुईल वो."

डॉक्टरांना हसू आवरत नव्हतं. पण म्हातारीचे डोळे पाहून त्यांनी ते आवरलं. तेवढ्यात भुकेनं कावलेल्या बादशहानं डोळे मिटले, मान टाकली आणि कण्हायला सुरुवात केली. आवाज मात्र दणकट, पुरुषी.

"आई गं... आई गं... उजवीकडं लई दुखायलंय रं बादशहा..." आणि मग अगदी खालच्या सुरात, "हिला सांगू नगं."



"पोपट ऐकलेलंच बोलतो," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "'हिला' म्हणजे कुणाला?"

मुरुडातल्या त्या घरात "हिला" म्हणण्याचा हक्क एकाच माणसाला होता. तो माणूस आता दाराकडं सरकत होता. साखराबाईंनी त्याचा सदरा धरला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवून उजव्या बाजूला बोट टेकवलं, आणि हणमंतरावांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून बादशहाही गप्प झाला.

"सुजलंय चांगलंच. आज आलात ते बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"मला वाटलं, माझं दुखनं त्या मुक्या जीवाला लागलं," हणमंतराव पुटपुटले. साखराबाईंनी आधी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सोमेश धापा टाकत आला आणि सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आवो मामी, जंगलातले पक्षी धरून देशोदेशी विकू नयेत म्हणून जगातल्या सरकारांनी करार केलाय. त्याचं नाव सायटिस. त्याच्या अपेंडिक्स वनमधी, म्हंजे पहिल्या यादीत, आपल्या बादशहाची जात हाय. आपला पिंजऱ्यातच जन्मलेला हाय, त्याची खूण म्हणून पायात कडं बी हाय. पन सरकारकडं नोंद करावीच लागती. न्हाई तर वनखातं घेऊन जातंय."

"मराठीत परिशिष्ट म्हणायला काय झालं व्हतं?" हणमंतराव खाटेवरून गुरगुरले. मग जरा थांबून, आवाज मऊ करून म्हणाले, "जावईबापू, नोंद करायलाच पायजे का? खातं नेत आसंल तर नेऊ द्या की. सरकारी पाहुणचार घेईल बिचारा."

"करा नोंद," साखराबाई म्हणाल्या. "आन मालक म्हणून माझं नाव टाका. ह्यांच्या पोटात काय चाललंय, ते मला दुसरं कोन सांगनार?"

सोमेशनं सासूबाईंचंच नाव टाकलं. नोंद झाली, बादशहा कायद्यानं घरचा झाला. हणमंतराव आता त्याच्यापुढं चकार शब्द काढत नाहीत. पण बादशहा जुनं काही विसरलेला नाही. लहर आली की तो खालच्या सुरात "हिला सांगू नगं" म्हणतो, आणि साखराबाई हातातलं काम टाकून येतात नि नवऱ्याचं पोट दाबून बघतात.